नर्सचा पगार, देशाचे भांडवल

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा एक रोगी तपासला आणि हा प्लेग आहे असे निदान केले. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आठ-साडेआठ लाख वस्तीच्या त्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. कोणी कोकणात, कोणी घाटावर, कोणी गुजरातेत. ज्याचे गाव जिथे, तिथे तो गेला. गिरण्या मात्र जागेवरच होत्या. विलायतेहून आणलेले माग आणि चाते शाबूत होते, बॉयलर शाबूत होते, गोदामात कापूस होता. फक्त ते चालवायला माणसे नव्हती. मालकांनी एकमेकांचे मजूर फोडले, रोजची मजुरी रोज हातावर ठेवायची तयारी दाखवली, तरी साचे पुरते भरेनात. लाखो रुपयांचे भांडवल आपल्या जागी निमूट पडून राहिले, कारण ते ज्या माणसांच्या बळावर भांडवल होते ती माणसे जिवाच्या भीतीने पळाली होती.

सरकारने यावर दोन गोष्टी केल्या. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट काढला, आज आपण ज्याला मोहम्मद अली रोड म्हणतो तो रस्ता काढला, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. जुन्या वस्त्या पाडताना त्याने जितके गरीब उठवले तितक्यांना घरे मात्र दिली नाहीत. दुसरी गोष्ट वाल्देमार हाफकिन यांच्या हातून झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. आजच्या हिशेबपद्धतीने या दोन खर्चांची वर्गवारी केली, तर ट्रस्टचे रस्ते ही गुंतवणूक ठरते आणि लस टोचत फिरणाऱ्या माणसाचा पगार हा उपभोग ठरतो. सव्वाशे वर्षांनंतरही अशा खर्चांची वर्गवारी हीच आहे. देशाच्या आरोग्याची आणि देशाच्या विकासाची जी कोंडी झाली आहे तिचे एक मोठे कारण मला याच वर्गवारीत दिसते.

राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडण्याची एक जागतिक पद्धत संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेली आहे. तिच्यात रुग्णालयाची इमारत आणि एमआरआयचे यंत्र स्थिर भांडवलनिर्मितीत धरले जाते. त्या इमारतीत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा पगार, औषधे, लसी, गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकेचा प्रवासभत्ता हे सारे सरकारच्या उपभोग खर्चात जाते. उपभोग म्हणजे जे वापरले आणि संपले ते. गुंतवणूक म्हणजे जे पुढे वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहते ते. आता गोवराची लस टोचलेले मूल पाहा. तिचा उपयोग त्याला आयुष्यभर होतो. कुठल्या यंत्राची हमी इतकी लांबची असते?

ही पद्धत काही दगडावरची रेघ नाही. २००८ च्या सुधारणेत संशोधनावरचा खर्च गुंतवणूक म्हणून धरायचे ठरले; त्याआधी तो चालू खर्चात जात होता. त्याच सुधारणेत युद्धनौका आणि रणगाडेही स्थिर भांडवलात आले. २०२५ च्या नव्या पद्धतीत माहितीच्या साठ्यालाही, ज्याला आपण डेटा म्हणतो त्यालाही, मालमत्तेचा दर्जा मिळाला. म्हणजे काय मोजायचे हे माणसेच ठरवतात आणि काळ बदलला की बदलतातही. रणगाडा अनेक वर्षे काम देतो म्हणून तो भांडवल झाला. या कसोटीवर निरोगी माणूस तर केव्हाच उतरतो; तो मोजायचा की नाही, एवढाच निर्णय बाकी आहे.

अर्थशास्त्राला हे माहीत नाही असेही नाही. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या डिसेंबरात अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून हाच विषय मांडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि जपान सावरायला किती काळ लागेल याचे तज्ज्ञांचे अंदाज चुकले होते. तज्ज्ञांनी कोसळलेले कारखाने मोजले आणि उरलेली माणसे मोजायची राहिली, असे शुल्ट्झ यांचे म्हणणे होते. मानवी भांडवल वाढवणाऱ्या गोष्टींची त्यांनी जी यादी दिली तिच्यात आरोग्यसेवा पहिली होती. पुढे १९७२ मध्ये मायकेल ग्रॉसमन यांनी आरोग्य हा एक साठा आहे, तो झिजतो आणि खर्च करून भरून काढावा लागतो, अशी रीतसर मांडणीच केली. विद्यापीठांत हे शिकवले जाते, परीक्षेत विचारले जाते. अर्थसंकल्पात मात्र ते कधी उतरत नाही.

अर्थसंकल्पात काय घडते ते जरा थांबून पाहायला हवे, कारण खरी गाठ तिथे आहे. आपल्याकडे सरकारी खर्चाचे दोन कप्पे असतात, महसुली आणि भांडवली. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने महसुली तूट संपवण्याचे ध्येय ठेवले आणि राज्यांनीही तसे कायदे केले. कर्ज काढावे ते टिकाऊ मालमत्तेसाठी, रोजच्या खर्चासाठी नको, हे त्यामागचे तत्त्व संसारी माणसालाही पटेल असे आहे. परंतु या तत्त्वाने परिचारिका आणि उधळपट्टी यांना एकाच कप्प्यात बसवले. अर्थखात्यातल्या अधिकाऱ्याला महसुली खर्च आवरायचा असतो तेव्हा पेन्शनला आणि व्याजाला हात लावता येत नाही, अनुदानाला हात लावला तर राजकारण पेटते. उरते ती रिक्त जागा. जागा भरली नाही तर कोणी मोर्चा काढत नाही, कारण जो माणूस कामावर आलाच नाही त्याची उणीव फक्त रोग्याला जाणवते.

२०२०-२१ पासून केंद्र सरकार राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देते. अलीकडे त्यासाठी वर्षाला दीड लाख कोटी रुपयांची तरतूद असते. योजना चांगली आहे, तिने रस्ते आणि पूल झाले. पण तिच्या नियमांत रुग्णालयाची इमारत बसते आणि त्या इमारतीतला माणूस बसत नाही. मग जे व्हायचे तेच होते. उपकेंद्राची, ग्रामीण रुग्णालयाची वास्तू उभी राहते, फीत कापली जाते आणि पदनिर्मितीचा प्रस्ताव मंत्रालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. कधी पद मंजूर होते आणि भरले जात नाही, कधी भरले जाते ते अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. सोनोग्राफीचे यंत्र येते, ते चालवणारा येत नाही. राष्ट्रीय हिशेबात मात्र त्या तालुक्यात गुंतवणूक झालेली असते.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीचा प्रयोग केला. गावातलीच, थोडे शिकलेली बाई निवडली. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबेत ठेवणे, श्वास अडकला तर काय करायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखायची आणि वेळ आली तर इंजेक्शन कसे द्यायचे, हे तिला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गावांत हा प्रयोग झाला नाही त्यांच्या तुलनेत नवजात बालमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. दर बाळामागे खर्च आला सुमारे पाच डॉलर. यासाठी अतिदक्षता विभाग बांधला नव्हता, महागडे यंत्र आणले नव्हते. खर्चाची जवळजवळ प्रत्येक बाब प्रशिक्षणाची, मानधनाची, औषधाची, देखरेखीची, म्हणजे आपल्या हिशेबात महसुली होती. त्याआधी दोन दशके जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, बहुतेक दलित आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना हाताशी धरून हेच दाखवून दिले होते. देशभरच्या आशा स्वयंसेविकांची कल्पना ज्या कामांतून आली त्यांत ही दोन ठळक आहेत. आणि त्या आशाताईंना आज काय मिळते? मानधन. पगार नाही, कारण पगार म्हटला की महसुली खर्च कायमचा वाढतो.

सरकार खर्च करत नाही म्हणून खर्च टळतो का, हा पुढचा प्रश्न. आजार काही अर्थसंकल्प वाचून येत नाही. तो येतो आणि घरचे पैसे मोजतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत, बाळंतपण सोडून, रुग्णालयात भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे साडेचार हजार आणि खासगीत जवळजवळ बत्तीस हजार रुपये निघाला. ग्रामीण कुटुंबांनी या खर्चापैकी सुमारे ८० टक्के घरच्या मिळकतीतून आणि बचतीतून भागवला, सुमारे १३ टक्के कर्ज काढून; उरलेला नातलगांची मदत आणि वस्तू विकून.

हे आकडे आरोग्याच्या प्रकरणात वाचून आपण पान उलटतो. ते गुंतवणुकीच्या प्रकरणात वाचायला हवेत. भारताच्या एकूण बचतीत कुटुंबांचा वाटा सुमारे ६० टक्के आहे. उद्योग आणि सरकार जे कर्ज उचलतात ते अखेर याच बचतीतून येते. आणि बँकेत न पोचणारी गुंतवणूक वेगळीच. शेतकऱ्याच्या घरची म्हैस, अर्धवट खोदलेली विहीर, मुलीचे नर्सिंगचे प्रवेशशुल्क, दुकानातला माल हे त्या घराचे स्थिर भांडवल असते. दवाखान्याचे बिल ते मोडून भरले जाते. जमीन गहाण पडते, पुढच्या हंगामाचे बी-बियाणे सावकाराच्या दराने घ्यावे लागते, मुलगा शाळा सोडून मजुरीला लागतो. राज्यशास्त्रज्ञ अनिरुद्ध कृष्णा यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र आणि भारताबाहेर केनिया, युगांडा, पेरू येथील हजारो कुटुंबांचा इतिहास तपासला. खाऊनपिऊन सुखी कुटुंबे गरिबीत का घसरली, याचे सर्वाधिक आढळणारे कारण त्यांना आजारपण आणि त्यावरचा खर्च हेच सापडले. सरकारने महसुली तूट आवरली म्हणून जे दाखवले जाते त्यातली बरीचशी तूट अशी घराघरांत वाटून दिलेली असते. तिथे तिला तूट असे कोणी म्हणत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची हकीकत याहून कठीण आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि फेडेपर्यंत फडात राबायचे. काम बुडाले की खाडा, खाड्याचा दंड. पाळीच्या आणि पोटदुखीच्या त्रासाने काम बुडू नये म्हणून तरुण वयात गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची संख्या इतकी मोठी निघाली की २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. यातल्या पुष्कळ शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत, कर्जाच्या पैशाने झाल्या. फडाजवळ स्वच्छतागृह, पाणी आणि तपासणी करणारी एक आरोग्यसेविका असती तर जे दुखणे औषधाने बरे झाले असते, ते शस्त्रक्रियेपर्यंत गेले. राष्ट्रीय हिशेबात ही शस्त्रक्रिया आरोग्यावरचा खर्च म्हणून नोंदली गेली आणि तितक्याने उत्पन्न वाढले. त्या बाईच्या शरीराची आणि पुढच्या कष्टांची झालेली हानी कुठल्याच रकान्यात आली नाही.

म्हणूनच आरोग्यावरचा प्रत्येक रुपया गुंतवणूक आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिका आपल्या उत्पन्नाचा १७ टक्क्यांच्या आसपास भाग आरोग्यावर घालते आणि तिथले सरासरी आयुर्मान जपानपेक्षा कित्येक वर्षांनी कमी आहे. तिथला बराच पैसा विमा कंपन्यांच्या कारभारात आणि चढ्या किमतींत जातो. असा खर्च वाढला तर तो उद्योगांच्या आणि कामगारांच्या गळ्याचा फास होतो, भांडवल होत नाही. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा आधार होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खिशातून जाणारा पैसा मोठ्या प्रमाणात औषधांवर आणि बाह्यरुग्ण तपासणीवर जातो, आणि विमा येतो तो माणूस खाटेवर पडल्यावर. मधुमेह पहिल्या वर्षी ओळखून गोळी चालू ठेवणे ही गुंतवणूक आहे. दहा वर्षांनी त्याच माणसाच्या डायलिसिसचे बिल भरणे ही नुकसानभरपाई आहे. भरपाई दिलीच पाहिजे, पण तिला गुंतवणूक समजू नये.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. दारॉन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९४० नंतर नव्या औषधांनी जगभर आयुर्मान झपाट्याने वाढले तरी दरडोई उत्पन्न त्यामुळे वाढल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. माणसे जगली, लोकसंख्या वाढली आणि जमीन-यंत्रे तेवढीच राहिली. आरोग्यावर खर्च करा, विकास आपोआप होईल, असे सांगणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हवा. त्याच वर्षी हॉइट ब्लिकली यांनी अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतल्या अंकुशकृमीच्या निर्मूलनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९१० च्या सुमारास रॉकफेलरांच्या पैशाने झालेल्या या मोहिमेनंतर, जिथे जंताचा उपद्रव जास्त होता तिथली मुले अधिक शाळेत जाऊ लागली, अधिक वाचू लागली आणि मोठेपणी अधिक कमावू लागली. अंकुशकृमी सहसा जीव घेत नाही; तो रक्त शोषून माणसाला मलूल करतो. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. नुसते मरण पुढे ढकलल्याने उत्पन्न वाढेलच असे नाही, पण बालपणीचे पंगूपण टाळले तर त्याचे फळ नक्की मिळते. आपल्याकडच्या रक्तक्षयी मुली, खुरटलेली मुले, ऐन कमावत्या वयात क्षयाने खंगणारे मजूर हे सगळे या दुसऱ्या प्रकारातले आहेत. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत.

शिवाय निरोगी हातांना काम हवे, त्यासाठी कारखाने, सिंचन, वीज हवी, हे मान्यच आहे. आरोग्य आणि यंत्र ही एकमेकांची किंमत वाढवणारी भांडवले आहेत. कधी कधी तर एकातून दुसरे थेट उभे राहते. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली ती गरिबांना पेनिसिलिन मिळावे म्हणून. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचा तो पहिला मोठा कारखाना.

‘आधी श्रीमंत होऊ, मग आरोग्याचे पाहू’ हा सल्ला तर इतिहासाने अनेकदा खोटा ठरवला आहे. ब्रिटनने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली ती १९४८ मध्ये, जेव्हा युद्धाच्या कर्जाचा डोंगर त्याच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून मोठा होता. थायलंडने १९९७ च्या आर्थिक पडझडीनंतर चार-पाच वर्षांतच तीस बाथमध्ये उपचारांची योजना देशभर नेली. तिला यश आले, कारण त्याआधी दोन दशके त्यांनी जिल्हा आणि तालुका रुग्णालयांत माणसे नेमली होती. अमर्त्य सेन यांचा एक मुद्दा इथे लाखमोलाचा आहे. प्राथमिक आरोग्यसेवा हे मुख्यतः माणसांच्या श्रमाचे काम आहे आणि गरीब देशात श्रम स्वस्त असतात. म्हणजे ज्या देशाकडे पैसा कमी, त्याला ही सेवाही कमी पैशात उभारता येते. श्रीमंत होईपर्यंत थांबले तर तीच सेवा महाग पडते.

सरकारने आजारपणाचा भार उचलला तर लोक बचत कमी करतील आणि गुंतवणुकीला पैसा अपुरा पडेल, अशीही भीती घातली जाते. तैवानमध्ये १९९५ साली सार्वत्रिक आरोग्य विमा आल्यावर कुटुंबांची बचत घटल्याचे अभ्यासात दिसले, हे खरे आहे. पण भीतीपोटी केलेली बचत कुठे असते? ती सोन्यात असते, घरातल्या रोकडीत असते, कधीही मोडता येईल अशा ठेवीत असते. आई आजारी पडली तर, या धास्तीने जो माणूस दोन लाख रुपये बाजूला ठेवतो, तो त्यातून पॉवर टिलर घेत नाही, नोकरी सोडून गॅरेज टाकत नाही. त्याच्या डोक्यावरची ही टांगती तलवार काढली तर त्यातला काही पैसा खर्च होईल आणि काही धाडसाला लागेल. मला तो सौदा फायद्याचा वाटतो.

आणि ऐंशी वर्षांच्या आजीच्या मोतीबिंदूचे काय? त्यातून देशाला परतावा मिळणार नाही, तरी ती शस्त्रक्रिया झालीच पाहिजे. आरोग्य हा आधी माणसाचा हक्क आहे, भांडवल नंतर. १९४६ मध्ये आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये असे सांगितले, ते परताव्याचे गणित मांडून नव्हे. मी भांडवलाची भाषा बोलतो आहे ती अर्थखात्याला हक्काची भाषा ऐकू येत नाही म्हणून.

२००२ च्या आरोग्य धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०१० पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के म्हटले आणि त्यातला दोन तृतीयांश प्राथमिक सेवेवर, असेही सांगितले. प्रत्यक्षात २०१८-१९ मध्ये तो १.२८ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्क्यांपर्यंत गेला, पण ते कोविड लसीकरणाचे वर्ष होते. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा एकूण खर्चाच्या ६४ टक्क्यांवरून आठ वर्षांत ३९ टक्क्यांवर आला असे सरकारी लेखे सांगतात. ही सुधारणा मोलाची आहे, तरीही पाचांतले दोन रुपये रोग्याच्या घरून येतात. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग २०२० पर्यंत आरोग्याला द्यावा, असेही २०१७ च्या धोरणात होते. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांत गणला जाणारा महाराष्ट्र त्याच्या खूप खाली आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांतल्या मंजूर पदांचा पगार, लसी आणि मूलभूत औषधे यांचा खर्च अर्थसंकल्पात वेगळा दाखवावा आणि महसुली तुटीची मर्यादा लावताना तो बाजूला काढावा. पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जात आरोग्याची वास्तू धरायची असेल तर पहिल्या दहा वर्षांचा तिथल्या माणसांचा पगारही धरावा, आणि पदे मंजूर झाल्याशिवाय इमारतीला निधी देऊ नये. आशाताईंना मानधनाऐवजी वेतन द्यावे. आणि तुमच्या तालुक्यात पुढच्या वेळी रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन होईल, तेव्हा आमदारांना एवढेच विचारा: पदे किती मंजूर झाली, आणि भरणार कधी?